उत्सवमूर्तीचे विस्मरण न व्हावे

मार्गशीर्षातील गुरुवारची महालक्ष्मीची पूजा, गीताजयंती आणि दत्तजयंती या पुण्यपर्वांच्या आसपास दरवर्षी नाताळ येतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ख्रिस्ती बांधवांच्या घरांवर चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील झळकू लागतात. आमची बहुसंख्य वाचक कुटुंबे हिंदू आहेत. तथापि हा उजेड त्यांना परका नाही. दिवाळीत फराळाचे ताट ज्या शेजाऱ्याकडे जाते, त्याच्याकडून नाताळात नेवऱ्या आणि कुलकुल येतात. नेवरी म्हणजे आपल्या करंजीचीच बहीण होय.

हा सण या भूमीला नवा नाही आणि मराठी भाषेलाही नवा नाही. अंधेरीत आज जेथे सीप्झची औद्योगिक वसाहत आहे, त्या आवारात १५७९ साली बांधलेल्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात साथीमुळे ते सोडून भाविक मंडळी मरोळच्या चर्चमध्ये गेली. मरोळ, चकाला, आंबोली, गोराई येथील गावठाणांत ईस्ट इंडियन समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. हे नाव त्याने १८८७ साली घेतले; पण घरातील त्याची बोली मराठीच राहिली. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि भजनाच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मराठी घरांत नेली. ज्या भाषेत आपण विठ्ठलाला आळवतो, त्याच भाषेत येथे ख्रिस्तजन्माचा आनंद गायिला गेला आहे.

मात्र अलीकडे या सणाचा अर्थ झाकोळत चालला आहे. दुकानांच्या काचांवर लाल टोपी आणि पांढरी दाढी दिसते. सवलतींचे फलक दिसतात. केकच्या पेट्या दिसतात. ज्याचा जन्मदिवस, तो मात्र कोठे दिसत नाही. बाजाराचा नाताळ २५ डिसेंबरच्या रात्री आटोपतो. चर्चचा नाताळ त्या दिवशी सुरू होऊन तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे परंपरेने ६ जानेवारीपर्यंत, चालतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. त्या काळात वेदीवर जांभळा रंग असतो, दर रविवारी एकेक मेणबत्ती अधिक लागते, पापनिवेदन होते, तुटलेली मने सांधण्याचा यत्न होतो. आपल्याकडे व्रतापूर्वी देह व मन शुद्ध करण्याची जी रीत आहे, तिच्याशी याचे नाते सहज ओळखू येईल.

या साऱ्या तयारीच्या मध्यभागी असते ती गव्हाण. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. तेव्हापासून ही प्रथा जगभर रुजली. आपल्या गावठाणांतील मुले गवत, माती, बांबू जमवून हा गोठा उभारतात. धर्मशाळेत जागा नाही म्हणून बालकाला गुरांच्या गव्हाणीत निजविले, आणि ही वार्ता प्रथम राजवाड्यास न कळता रानात राखण करणाऱ्या मेंढपाळांस कळली, अशी ही कथा. कारागृहात जन्मून गोकुळात गवळ्यांमध्ये वाढलेल्या बाळकृष्णाच्या भक्तांना तिचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. दोन्ही श्रद्धा आपापल्या जागी स्वतंत्र आहेत. परंतु देव दीनांच्या दारी येतो, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

याचा अर्थ सणात हसूखेळू नये, गोडधोड करू नये असा नव्हे. भक्तीशी आनंदाचे वैर कधीच नव्हते. गाणी, दिवे, नवी वस्त्रे ही भक्तीचीच फुले आहेत. फुले देठापासून तुटली की कोमेजतात, एवढेच आमचे म्हणणे. ज्या सांताक्लॉजचे आज एवढे कौतुक चालते, त्याच्या मुळाशीही चौथ्या शतकातील मायरा नगरीचे बिशप संत निकोलस आहेत. गरजूंना गुपचूप दान देणारे म्हणून परंपरा त्यांचे स्मरण करते. गुप्तदानाचे महत्त्व आपल्या घरांना नव्याने काय सांगावे?

शेजाऱ्याचा सण केवळ केकपुरता ओळखणे हा अनादर नसेल, पण तो अपुरा आदर खचितच आहे. म्हणून आमची वाचकांस विनंती अशी की, यंदा नाताळच्या शुभेच्छा द्यावयास जाल तेव्हा मुलांना सोबत न्या; ताटाकडे वळण्यापूर्वी गव्हाणीपुढे क्षणभर हात जोडा; आणि हा जन्मोत्सव कोणाचा, हे त्या घरातील वडीलधाऱ्यांकडूनच मुलांना ऐकू द्या.

परत आल्यावर एक प्रश्न आपण स्वतःसही विचारावा. गणपतीपुढील आरास आणि ध्वनिक्षेपकांचा गजर यांत गजाननाचे मुख आपल्याला दिसते काय? दहीहंडीच्या थरांत बाळकृष्ण आठवतो काय? उत्सवमूर्तीचे विस्मरण हा कोणा एका धर्माचा रोग नव्हे. तो सर्वांच्या दाराशी आला आहे, आणि त्याचा उपायही घराघरांतच आहे : दिवा लावावा, परंतु कोणासाठी लावला हे विसरू नये.

आमच्या सर्व ख्रिस्ती बांधवांस नाताळच्या मंगल शुभेच्छा!