टाच, खाडा आणि 'आराम करा'

दिवाळीच्या आधी मला टाचदुखी झाली. नवे शूज, चार दिवसांत वाढवलेलं धावणं, बाकी दिवसभर खुर्ची. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिल्या चार पावलांना टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, प्लान्टर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडला की तो दुखतो.

मग काय, नेट उघडलं. 'पाच दिवसांत टाचदुखी गायब!' चुंबकाची चप्पल, कसलंसं तेल. सगळा बकवास! हे दुखणं जायला महिने लागतात, कधी कधी वर्षही. पण बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय जातं, आणि उपाय खरंच घरगुती आहेत. पलंगावरून उतरण्याआधी पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, १० सेकंद धरायची, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीचा ताण. थोडं बरं वाटलं की बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा सावकाश उचलायच्या, एक दिवसाआड. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायचा. अनवाणी फिरायचं नाही. आणि मुख्य म्हणजे भार कमी करायचा.

हे सगळं ज्ञान घेऊन दिवाळीला धारूरला गेलो. तिथे मावशी लंगडत होती. तीच टाच, तेच सकाळचे चार पाय!

मावशी-काका ऊसतोडीला जातात. दोघं मिळून एक 'कोयता'. हो, हिशोबात बाईचं वेगळं नावच नाही. काका तोडतो, मावशी मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पायात झिजलेली स्लिपर. मागच्या वर्षी एका ठिकाणी एक्स-रे काढून सांगितलं, "टाच वाढलीय", आणि इंजेक्शन दिलं. महिनाभर बरं वाटलं, मग पहिल्यासारखंच. वास्तविक हाडाचं ते टोक न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही दिसतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन तात्पुरता आराम देतं, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा तुटण्याचा, टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो.

मी शहाणपणा केला. "मावशे, महिनाभर वजन उचलू नको. आराम कर. बाटलीत बर्फ करून..."

"कोपीवर फ्रीज तू आणून देतूस व्हय? आन् आराम केला तर खाडा कोन भरनार रं?"

खाडा म्हणजे कामाला न आल्याचा दंड. आजारी असलात तरी. मजुरी बुडते ती वेगळीच, आणि डोक्यावर मुकादमाची उचल असतेच.

इथे माझी बोलती बंद झाली. 'घरच्या घरी, फुकटात' हे म्हणणारे आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतो, की ज्याचा पाय दुखतो त्याचा दिवस त्याच्या मालकीचा आहे. आपण एचआरला दोन ओळींची मेल टाकतो आणि घरून काम करतो. जिला सुट्टीच नाही, तिला एका फटक्यात संपणारा इलाज हवा असतो. मग इंजेक्शन. मग ऑपरेशन. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीसमोर बीडचे आकडे आले: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. तिथेही बायका खाड्याचंच कारण सांगत होत्या. दुखणं वेगळं, हिशोब तोच.

तेव्हा मंडळी, "हे लोक स्वतःची काळजीच घेत नाहीत" हे वाक्य प्लीज बंद करा. मागायचंच असेल तर हे मागा: आजारपणाचा दिवस खाडा धरायचा नाही, आणि उचल देतानाच हे लेखी ठरवायचं. टाचदुखीवर याहून मोठा घरगुती उपाय मला माहीत नाही.

मावशीला जाड सोलचे बूट घेऊन दिले, झोपेतून उठायच्या आधीचा ताण शिकवला. तेवढंच तिच्या हातात होतं. पायाला बधिरपणा, सूज, ताप असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र घरी प्रयोग नकोत, डॉक्टर गाठा.

माझी टाच आता बरी आहे. सुट्टी होती ना!

मावशी पाडव्यानंतर गाडीत बसून गेली. चहात साखर घालताना आठवतं. असो.