प्रतिसरकारची खरी कमाई

साताऱ्याच्या प्रतिसरकारचा, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारचा, विषय निघाला की ठरावीक गोष्टी हमखास सांगितल्या जातात. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वे, 1944 मध्ये धुळ्याकडे जाऊन मारलेला सरकारी खजिना, सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा पाटलांनी तटावरून खंदकात घेतलेली उडी आणि गावगुंडांच्या तळपायांवर बसलेले फटके. या गोष्टी खऱ्या आहेत आणि ऐकताना आजही अंगावर काटा उभा राहतो. पण लूट आणि उड्या यांच्या बळावर कोणतीही चळवळ महायुद्धात उतरलेल्या साम्राज्याशी तीन वर्षे झुंजत नाही. ते बळ कुठून आले, हे समजून घेतल्याशिवाय प्रतिसरकारचा इतिहास आपल्या उपयोगाचा नाही.

ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि उजाडताच नेते गजाआड गेले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचे वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. या मुलखाने पहिला मार्ग धरला तो उघड्या, निःशस्त्र मोर्चांचा. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा एकेका तालुक्याच्या कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढाच कार्यक्रम. 9 सप्टेंबरला वडूजच्या कचेरीसमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हाती झेंडा घेतलेले परशुराम घार्गे पडले आणि त्यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंता उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांचे बळी गेले. पाठोपाठ धरपकड, सामुदायिक दंड, जप्त्या आणि गावोगाव पोलिसांची ठाणी आली. चळवळीचे नेते नाना पाटील यांच्या घरादारावर आणि जमिनीवरही टाच आली.

देशात इतरत्र बहुतेक ठिकाणी उठाव इथेच थंडावला. साताऱ्यात तो भूमिगत झाला आणि 1943 मध्ये त्याला सरकारचे रूप आले. नाना पाटील हे त्याचे नाव आणि आवाज. पण कारभार चालवणारे हात अनेक होते. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाई भागातले किसन वीर, कासेगावचे बाबूजी पाटणकर अशा माणसांनी आपापला पट्टा सांभाळला. एक गट पोलिसांच्या हाती लागला तरी दुसरा चालू राहावा, अशी ही विकेंद्रित बांधणी होती. नेत्याला पकडले की चळवळ संपते, हा सरकारचा अनुभव इथे कामाला आला नाही.

कारण चळवळीने गावाच्या रोजच्या कामांना हात घातला होता. त्या काळी बांधाचा तंटा, भाऊबंदकी किंवा सावकाराच्या कर्जाचा वाद घेऊन कुळ कोर्टात गेले, की पिढ्या बुडत. तारखांना तालुक्याला खेटे, वकिलाची फी, कारकुनाचे हात ओले करणे, आणि शेवटी निकाल कागद ज्याच्या हाती त्याच्या बाजूने. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे दोन्ही पक्ष गावातच समोरासमोर उभे राहत, साक्षी ऐकल्या जात आणि तिथल्या तिथे निवाडा होई. सावकाराने गिळलेली जमीन परत मिळाल्याची, टाकलेल्या बायकोला नांदवायला लावल्याची उदाहरणे गावोगाव झाली. धान्याची टंचाई होती, तेव्हा साठेबाजांचे धान्य बाहेर काढून वाजवी भावाने वाटले गेले. दारूच्या भट्ट्या मोडल्या. वाचनालये निघाली.

आणि लग्ने लावली गेली. शेतकऱ्याला कर्जाच्या खाईत लोटणारी मोठी गोष्ट म्हणजे लग्नाचा खर्च. त्यावर ‘गांधी विवाह’ हे प्रतिसरकारचे उत्तर होते. हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत. सुताचे हार, चार शब्द आणि लग्न पार. खुद्द जी. डी. बापूंनी स्वतःचे लग्नही कुंडलला याच पद्धतीने केले. ज्या बापाने कर्ज न काढता लेक उजवली, तो भूमिगताचा पत्ता पोलिसांना सांगणार कसा? फौजदाराला उत्तर न मिळण्याचे कारण भीतीपेक्षा या उपकारात अधिक होते.

हे सारे बायकांवाचून अशक्य होते. पोलीस शोधत असलेला माणूस उसाच्या फडात लपला, तर त्याची भाकरी कुणीतरी थापावी लागते, गवताच्या भाऱ्यात किंवा न्याहारीच्या पाटीत लपवून ती पोहोचवावी लागते, आणि पोलीस दारात आले तर चेहऱ्यावरची रेषही हलू न देता उभे राहावे लागते. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी सांगितलेला भवानीनगरच्या पोलीस ठाण्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग उभे केले, ‘नवऱ्याचा’ मार त्यांनी खरोखर खाल्ला, आणि पोलीस सोडवायला बाहेर आले तेवढ्यात सोबत्यांनी आतल्या रायफली उचलल्या. इंदोलीच्या इंदुताई निकम, म्हणजे पुढच्या इंदुताई पाटणकर, कोवळ्या वयात घर सोडून या कामात पडल्या. राजमती बिरनाळे, लीलाताई पाटील यांनीही भूमिगत जीवन सोसले. क्रांतीच्या कथांत या बायका कडेला उभ्या दिसतात. प्रत्यक्षात चळवळीचे दाणापाणी आणि निरोप त्यांच्याच हाती होते.

मग हे साताऱ्यातच का घडले? याचे उत्तर 1942 च्या बरेच मागे आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्याचे जलसे याच गावांत रात्र रात्र चालले, आणि सावकार, भट, कुलकर्णी यांना प्रश्न विचारायची सवय कुणब्याला लागली. 1920 च्या आसपास कुळांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध उठाव केला. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसवली. 1930 मध्ये बिळाशीने जंगल सत्याग्रह केला. शेजारी औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये आपल्या छोट्या संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवली; कुंडल याच संस्थानातले. हद्द ओलांडली की ब्रिटिश फौजदाराचा अंमल पातळ होई, हा फायदा तर होताच. पण गाव आपला कारभार आपण चालवू शकते, हे लोकांनी जवळून पाहिले होते, हा त्याहून मोठा फायदा. दडपशाही आली तेव्हा साताऱ्याने संघटना शून्यातून बांधायला घेतली नाही. सत्तर वर्षांची मशागत झालेली होती. पेरणीपुरता पाऊस 1942 ने दिला.

या चळवळीचे दोषही नोंदवले पाहिजेत. शिक्षा क्रूर होत्या आणि त्यांवर अपील नव्हते. प्रतिसरकारचे नाव घेऊन दरोडे घालणारेही निघाले, त्यांना आवरण्यात पुष्कळ शक्ती गेली. नेतृत्व मुख्यतः मराठा शेतकऱ्यांकडे राहिले. दलितांना त्यात बरोबरीचा वाटा मिळाला नाही. आणि गांधीहत्येनंतर 1948 मध्ये याच मुलखात ब्राह्मणांची घरे जळाली. जी गावे गोऱ्या सरकारपुढे एकजुटीने उभी राहिली, त्यांना शेजाऱ्याच्या घरावर चालून आलेला जमाव अडवता आला नाही. संघटनेचे बळ कुणासाठी आणि कुणाविरुद्ध वापरायचे, हा विवेक आपोआप येत नाही. तोही कमवावा लागतो.

1946 मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे उठली आणि भूमिगत उजेडात आले. कुणी सत्तेत गेले, कुणी विरोधात. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत पोहोचले. बाबूजींचा 1952 मध्ये खून झाला. इंदुताईंनी परित्यक्ता आणि कष्टकरी बायकांसाठी काम चालू ठेवले. नागनाथअण्णांनी वाळव्यात साखर कारखाना उभा केला आणि त्याला सोबती हुतात्मा किसन अहीर यांचे नाव दिले. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळानंतर इंदुताईंचे चिरंजीव भारत पाटणकर यांच्यासोबत शेतकऱ्यांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले. 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या, तेव्हा व्यासपीठावर नागनाथअण्णा आणि जी. डी. बापू होते आणि मागणी समन्यायी पाणीवाटपाची होती. पन्नास वर्षांपूर्वी धान्याचे वाटप वाजवी करणारी माणसे आता पाण्याचे वाटप वाजवी करा म्हणत होती.

प्रतिसरकारची खरी कमाई ही आहे. जी चळवळ माणसाचा तंटा सोडवते, त्याच्या लेकीचे लग्न कर्जाशिवाय लावते आणि टंचाईत त्याच्या घरी धान्य पोहोचवते, ती गोळीबाराने मोडत नाही. जी फक्त सभा आणि घोषणांवर उभी असते, ती पहिल्या धरपकडीत विरून जाते. म्हणून संघटना संकटात शोधायची वस्तू नाही. ती बऱ्या दिवसांत, कंटाळवाण्या कामांतून बांधायची असते. आपल्या गावची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होत असेल, सोसायटीच्या सभेचा अहवाल न वाचता मंजूर होत असेल, तर साताऱ्याच्या पुतळ्यांना हार घालून काही साधणार नाही. पुढच्या ग्रामसभेला जा, हिशेब मागा, आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसालाही बरोबर घेऊन जा.