तीन दिवसांनंतर पाहुणा कोण?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला किंवा मुलीला निरोप देताना आपल्या घरांत सूचनांची एक ठरलेली यादी असते. हराम खाऊ नकोस. वाईट संगतीला लागू नकोस. नमाज सोडू नकोस. आणि दुसऱ्याच्या घरी राहतोयस, तेव्हा जास्त तोंड उघडू नकोस. पहिल्या तीन सूचना योग्यच आहेत. मला बोलायचं आहे ते चौथीबद्दल, कारण पहिल्या तीन पाळायच्या असतील तर चौथी मोडावीच लागते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, कोकणातल्या मुस्लिम घरातली, सोळा पूर्ण झालेली, विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका शालेय वर्षासाठी स्वीडनला गेली. उप्सालाजवळच्या लहान गावात, आई-वडील, दोन मुलं आणि एक कुत्रा असलेल्या घरात तिची सोय झाली. अशा योजनांत यजमान कुटुंब सहसा पैसे घेत नाही. एका अनोळखी मुलीला वर्षभर आपल्या छपराखाली ठेवायचं ते केवळ हौसेनं आणि भरवशावर. हे आधी लक्षात घेतलं पाहिजे, कारण पहिल्या तीन दिवसांत त्या मुलीचं मत झालं होतं की ही माणसं कंजूष आहेत.

झालं असं. स्वीडनमधलं शालेय वर्ष ऑगस्टच्या मध्यात सुरू होतं. ती पोहोचली त्या संध्याकाळी सहा वाजताच जेवण मांडलं गेलं. भरपूर उजेड होता, कारण त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो. टेबलावर कोंबडी, उकडलेले बटाटे, काकडी. यजमानीण बाई ‘व्हार्शोगूद’ म्हणाल्या, म्हणजे ‘घ्या’. एकदाच म्हणाल्या. मुलीनं दोन बटाटे घेतले आणि थांबली. आणखी घे म्हणतील, आपण नको म्हणू, त्या पुन्हा आग्रह करतील, मग आपण घेऊ. तसं काही झालं नाही. सगळ्यांचं आटोपलं, उरलेलं फ्रिजमध्ये गेलं. कोंबडीला तिनं हात लावला नाही, आणि का लावला नाही हेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या रात्री तिनं बॅगेतला घरचा चिवडा खाऊन पाणी प्यायलं आणि अम्मीला फोन केला. अम्मीचा निष्कर्ष तयारच होता: “गोऱ्यांच्या घरात बरकत नसते.”

आता हीच हकिकत यजमानीण बाईंच्या बाजूनं पाहा. त्यांना आलेल्या कागदावर ‘डुकराचं मांस नको’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून त्यांनी मुद्दाम कोंबडी आणली. मुलगी खात नाही, पण तक्रारही करत नाही. म्हणजे हिची भूक कमी असावी, प्रवासाचा शीण असावा. तिच्या ‘नको’चा त्यांनी मान राखला. तिथल्या रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणजे नको. त्यानंतर आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं.

आपल्याकडे दस्तरखानावरचं पहिलं ‘नको’ हे खरं उत्तर नसतंच. ते तकल्लुफ असतं, पुढच्या आग्रहाला दिलेली जागा असते. मी या रीतीची निंदा करत नाही. आमच्या घरीही पाहुण्याच्या ताटात त्याचा हात बाजूला सारून वाढलं जातं, आणि तसंच वाढलं जावं. पण ही एक भाषा आहे. ती न येणाऱ्याला निर्दय म्हणणं हे मराठी न येणाऱ्याला मुका म्हणण्यासारखं आहे.

२०२२च्या मे महिन्यात इंटरनेटवर साऱ्या जगानं स्वीडनला असंच धारेवर धरलं होतं. खेळायला आलेल्या मुलाला खोलीत बसवून घरचे लोक जेवून घेतात, अशा आठवणी लोकांनी लिहिल्या आणि आपल्यासकट अनेक देशांतल्या लोकांना धक्का बसला. मलाही ती रीत रुचत नाही. मूल भुकेलं असताना आपण जेवणं आपल्या संस्कारात बसत नाही. पण तिथल्या अनेकांनी दिलेलं स्पष्टीकरणही ऐकण्यासारखं होतं: त्या मुलाच्या घरी त्याचं जेवण तयार असेल, आपण त्याच्या आईच्या कामात का ढवळाढवळ करावी? हा विचार आपल्याला पटणार नाही, पण त्यात कंजूषपणा नाही. आणि विनिमयाला आलेली मुलगी तर त्या खोलीत बसवलेली नव्हतीच. ती टेबलावर होती. तिच्यासमोर भांडं होतं, आणि त्यातलं तिनं स्वतः घ्यावं अशी अपेक्षा होती.

तकल्लुफामुळे एक-दोन दिवस पोट रिकामं राहिलं तर फार बिघडत नाही. पण मुसलमान मुलाचं गप्प राहणं इथेच थांबत नाही. तिथल्या नावाजलेल्या मीटबॉलमध्ये बऱ्याचदा गाईचा आणि डुकराचा खिमा एकत्र असतो. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप खाण्याची जुनी रीत आहे. ते दिसतं आपल्या आमटीसारखं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस पडतं. शनिवारी मुलांना मिळणाऱ्या गोळ्या-मिठाईत अनेकदा जिलेटिन असतं. कोंबडीचा प्रश्न तर आणखी वेगळा. स्वीडनमध्ये १९३७ साली कायदा झाला आणि १९३८पासून जनावराला बधिर केल्याशिवाय कापायला बंदी आली. असं मांस चालतं की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येक घरानं ते आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. पण काहीही ठरवलं तरी ते यजमानांना सांगावं लागेल. ‘हलाल’ हा शब्द त्यांना ठाऊक असतो, पण त्याचा आपल्या घरातला अर्थ त्यांना कुठून कळणार?

मला तिचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, “बेटा, हे सगळं मला जसं सांगितलंस, तसंच त्यांना सांग.” चौथ्या दिवशी तिनं एका कागदावर लिहून नेलं: काय खाते, काय खात नाही, काय रांधून घालू शकते. यजमानीण बाई कागद वाचून म्हणाल्या, “हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?” त्यात राग नव्हता, हायसं वाटणं होतं. मग मासे सुरू झाले. कोकणातल्या मुलीला मासे म्हणजे माहेरच. त्यांचं गोडसर व्हिनेगरमध्ये मुरवलेलं हेरिंग तिला शेवटपर्यंत आवडलं नाही, आणि तेही तिनं सांगून टाकलं. घरातला दहा वर्षांचा मुलगा शनिवारी मिठाईच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून जिलेटिन नसलेली गोळी तिच्यासाठी वेगळी काढू लागला.

कुत्र्याचंही तसंच. कोकणातली शाफई घरं कुत्र्याच्या लाळेबाबत किती कडक असतात हे वाचकांना माहीत आहे. तिनं कारण सांगितलं आणि तिच्या खोलीचं दार कुत्र्यासाठी बंद झालं. नमाजच्या वेळा सांगितल्या तर प्रश्न आला, “किती मिनिटं लागतात?” बस, एवढाच. डिसेंबरात तिथे सूर्य दुपारी तीनच्या आत मावळतो, म्हणजे जोहरपासून मगरिबपर्यंतच्या नमाजा शाळेच्या वेळेत येऊ शकतात. तेव्हा शाळेतही बोलावं लागलं. गप्प राहिली असती तर नमाज सुटली असती आणि दोष मात्र स्वीडनला दिला गेला असता.

भाषेची शिक्षिका म्हणून दोन गोष्टी मला फार आवडल्या. आभार मानायला तिथे ‘ताक’ म्हणतात, आणि जेवण झाल्यावर जेवणाबद्दल ‘ताक’ म्हणणं मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पहिल्यांदा ऐकून आमची पोरगी पेल्याची वाट पाहत बसली! दुसरी गोष्ट म्हणजे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पदव्या लावून बोलणं मागे पडलं आणि सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणू लागले. १९६७ साली आरोग्य खात्याच्या प्रमुखपदी आलेल्या ब्रूर रेक्सेड यांनी सर्व कर्मचाऱ्यांशी ‘तू’नेच बोलण्याचं जाहीर केलं, ते या बदलाचं प्रतीक ठरलं. आज तिथली मुलं शिक्षकांनाही नावानं हाक मारतात. मला कुणी तशी हाक मारलेली चालणार नाही. पण ज्या समाजात मूल मोठ्यांशी बरोबरीनं बोलतं, तिथे न बोलणाऱ्या मुलाला अदब आहे असं कुणी समजत नाही. त्याला काही नकोच आहे असं समजतात.

आणि कामाचं. त्याच चौथ्या दिवशी तिला घराची किल्ली मिळाली, आणि भांडी यंत्रात लावण्याची पाळीही. अम्मी बिथरल्या, “मुलीला मोलकरीण समजतात की काय?” हदीसमध्ये पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे; त्यापुढे यजमान जे करील तो सदका. आपली मराठी म्हणही तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढते. मग चौथ्या दिवशी त्या घरात राहणारी मुलगी कोण? सदक्यावर जगणारी किंवा घरची, दोनच पर्याय उरतात. किल्ली आणि भांडी एकत्र हाती देऊन त्या घरानं तिला घरची ठरवलं. मुलींना निदान भांडी उचलायची सवय असते. आपल्या किती मुलांनी सोळाव्या वर्षापर्यंत स्वतःचं ताट उचललेलं असतं? त्यांना परदेशी पाठवण्याआधी हा प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे.

काही जण म्हणतील, एवढं बदलायचं तर मुलं पाठवायचीच कशाला? या मुलीनं काय बदललं ते मोजा. खाणं बदललं नाही, नमाज बदलली नाही. बदललं एवढंच की आपल्याला काय हवं, काय नको, हे ती सोप्या शब्दांत, मान खाली न घालता सांगू लागली. ज्याला आपण दीन म्हणतो तो दुसऱ्याच्या घरी सांभाळायला याखेरीज मार्ग नाही.

म्हणून जाणाऱ्या मुलांच्या घरच्यांना माझं सांगणं आहे. लोणच्याची बरणी जरूर द्या. पण त्याआधी आठ दिवस घरात सराव करून घ्या. ‘मला भूक लागली आहे’, ‘हे मी खात नाही आणि कारण असं’, ‘मला दहा मिनिटं आणि स्वच्छ जागा हवी’, ‘मी काय मदत करू?’ ही चार वाक्यं त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. आम्ही शाळेत मुलांना विनंती अर्ज लिहायला शिकवतो, तोंडानं मागायला शिकवत नाही. हा धडा पुस्तकात नाही; तो घरानं आणि शिक्षकांनी मिळून घ्यायचा आहे.