तव्यावरचे ग्रीक चीज



जेवणाला अजून अवकाश आहे आणि माणसे मात्र येऊन बसली आहेत, अशा वेळी पुढ्यात काय ठेवायचे? आपल्याकडे भज्यांचा एक घाणा काढतात. ग्रीसमध्ये चीजचा जाड काप गरम तव्यावर टाकतात, दोन्ही बाजूंनी लाल करतात आणि वर लिंबू पिळून ताटली मधोमध ठेवतात. या पदार्थाचे नाव सागानाकी. साहित्य मोजके, वेळ पाच मिनिटे. पण चीज महाग पडते आणि बिघडले तर पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून आज कृतीबरोबर तिच्यामागची कारणेही सांगते.

नाव भांड्याचे

सागानी म्हणजे दोन कानांचे उथळ भांडे. मूळ शब्द तुर्की, 'साहान'. आपण ताटाची जशी ताटली करतो, तशी ग्रीक लोकांनी सागानीची सागानाकी केली. त्या भांड्यात शिजून त्याच भांड्यातून वाढले जाते, म्हणून पदार्थालाही तेच नाव पडले. टोमॅटो आणि फेटा चीज घालून केलेली कोळंबीसुद्धा तिकडे सागानाकीच. मात्र नुसते 'सागानाकी' म्हटले की बहुधा चीजच समजायचे.

ग्रीसचा बराच भाग डोंगराळ आणि कोरडा. तिथे गाईम्हशींपेक्षा शेळ्यामेंढ्या अधिक पोसतात. त्यांचे दूध बाराही महिने सारखे नसते. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत भरपूर आणि पुढे ओसरते. ते टिकवायचे तर त्याचे खारट, कठीण चीज करून ठेवायचे. सागानाकीला लागणारे केफालोतिरी असेच आहे. 'तिरी' म्हणजे चीज. ते निदान तीन महिने मुरवतात. केफालोग्राविएरा त्याहून थोडे मऊ आणि सौम्य. त्याचे नाव 1996 पासून युरोपच्या कायद्याने राखीव आहे. ठरलेल्या प्रदेशाबाहेर केलेल्या चीजला ते लावता येत नाही. ग्राविएरा आणि कासेरी हीदेखील सागानाकीला चालतात.

साहित्य (चार जणांसाठी)

केफालोतिरी किंवा केफालोग्राविएरा 200 ग्रॅम, मैदा पाव वाटी, ऑलिव्ह तेल दोन मोठे चमचे, एक लिंबू, थोडी ताजी कुटलेली मिरी. मीठ अजिबात नको. ऑलिव्ह तेल नसेल तर शेंगदाण्याचे तेल घ्यावे. चव बदलेल, पण काम अडणार नाही.

कृती

1. चीज फ्रीजमधून काढून लगेच कापावे. गार चीज सरळ कापले जाते. काप एक ते दीड सेंटिमीटर जाडीचे ठेवावेत. पातळ काप तव्यावर विरघळून जातो. फार जाड काप वरून लाल होतो आणि आत थंडच राहतो.

2. प्रत्येक काप गार पाण्याखाली क्षणभर धरावा आणि ओला असतानाच मैद्यात घोळवावा. जादा मैदा झटकून टाकावा. ओलाव्यामुळे मैदा सगळीकडून सारखा बसतो.

3. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा मोठ्या आचेवर तापवून त्यात तेल घालावे. तेल चांगले तापले की आच मध्यम करावी. तेलातून धूर निघू देऊ नये.

4. काप तव्यावर ठेवून त्याला दीड ते दोन मिनिटे हात लावू नये. खालची बाजू लाल झाली की काप आपोआप सुटतो. मग पातळ उलथन्याने एकदाच उलटावा आणि दुसरी बाजूही तेवढीच भाजावी.

5. ताटलीत काढून लिंबू पिळावे, मिरी भुरभुरावी आणि पावाच्या तुकड्याबरोबर लगेच खायला द्यावे.

बिघडते कुठे?

हे चीज आतून वितळणारच. त्याला धरून ठेवते ते वरचे मैद्याचे कवच. तवा पुरेसा तापलेला नसेल तर कवच धरायच्या आधीच चीज पाझरते आणि तव्याला चिकटते. घाईने उलटले तर कवच फुटते. तव्यावर दाटी केली तर तेल गार होते. म्हणून एका वेळी दोनच काप टाकावेत. शंका वाटत असेल तर आधी एक लहान तुकडा टाकून तव्याचा अंदाज घ्यावा.

थेट जाळीवर

निखाऱ्यावर भाजायचे असेल तर वितळणारे चीज चालत नाही. जाळीतून ते खाली गळेल. त्यासाठी ग्रीसमध्ये वेगळी चीजे आहेत. पार्नासोस डोंगराच्या कुशीतल्या आराखोवा गावचे फोर्माएला, खिओस बेटावरचे मास्तेलो, मेसिनिया भागातले तालागानी. यांना मैदा लागत नाही. काप कोरडे पुसून तेलाचा हात फिरवावा आणि जाळीवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे भाजावेत.

आपल्या मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत या घराण्यातले जे चीज मिळते ते हलूमी. ते मूळचे सायप्रस बेटाचे. दही लावल्यासारखे दूध आंबवून ते करत नाहीत. रेनेट नावाच्या पाचक द्रव्याने दूध घट्ट करतात, दाबून त्याच्या वड्या पाडतात आणि त्या वड्या चीजमधूनच निघालेल्या पाण्यात उकळतात. मग मीठ आणि पुदिना लावून ठेवतात. दुधातली प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना बांधलेली असतात. आंबटपणा वाढला नाही की हे बंध घट्ट राहतात. म्हणून हलूमी तापवली तर मऊ होते, पण वाहत नाही. उन्हाळ्यात सायप्रसमध्ये ती कलिंगडाच्या फोडींबरोबर खातात. गरम आणि खारट घासामागून गार आणि गोड घास, ही जोडी आपल्याकडेही करून पाहण्यासारखी आहे.

या हलूमीची एक गोष्ट सांगायलाच हवी. सायप्रस 1974 पासून दुभंगलेले आहे. दक्षिणेला ग्रीक भाषिक, उत्तरेला तुर्की भाषिक. हेच चीज एक समाज 'हलूमी' म्हणतो, दुसरा 'हेल्लिम'. युरोपीय संघाने 2021 साली त्याच्या नावाला संरक्षण दिले तेव्हा दोन्ही नावे एकत्र नोंदवली. एकाच नावाची नोंद झाली असती तर दुसऱ्या बाजूच्या चीज करणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्यांचे आपले नाव वापरता आले नसते. नावावरचा हक्क हा भाकरीचाही प्रश्न असतो, तो असा.

आपले पनीर

पनीरही तव्यावर वितळत नाही, पण त्याचे कारण उलटे आहे. दूध लिंबाने फाडले की आंबटपणामुळे कॅल्शियम निघून जाते आणि गरम झालेली प्रथिने एकमेकांना इतकी घट्ट चिकटतात की पुन्हा तापवूनही सुटत नाहीत. पनीरला ग्रीक चीजची मुरलेली चव येणार नाही. तरी वळण तेच हवे असेल तर एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ घालून उकळावे, पूर्ण गार करावे आणि घट्ट पनीरचे जाड काप त्यात रात्रभर फ्रीजमध्ये बुडवून ठेवावेत. सकाळी फडक्याने कोरडे पुसून वरच्याप्रमाणेच तव्यावर भाजावेत. खर्च बराच कमी होतो.

सावध राहण्याच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट मिठाची. हलूमीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण अडीच ते तीन ग्रॅम मीठ असते. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा घरात रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी चवीपुरता एखादा तुकडाच घ्यावा. त्या दिवशी लोणचे आणि पापड ताटात नकोत.

दुसरी गोष्ट रेनेटची. पारंपरिक रेनेट कोकराच्या किंवा करडाच्या जठरातून काढतात. पाहुण्यांत कोणी शाकाहारी असेल तर वेष्टनावरची खूण पाहून घ्यावी. खात्री नसेल तर त्यांना तसे आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट जाळाची. अमेरिकेत सागानाकीवर ब्रँडी ओतून ती टेबलापाशी पेटवतात. ही चाल शिकागोच्या 'द पार्थेनॉन' या हॉटेलातून पसरली असे मानतात. हे हॉटेल 1968 साली सुरू झाले आणि 2016 साली बंद पडले. ग्रीसमधल्या घरांतली ही रीत नव्हे. पदर आणि ओढण्या सांभाळत गॅसपाशी उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हा खेळ मुळीच करू नये.

खायचे कोणी, कधी?

सागानाकी तव्यावरून उतरल्यावर पाचेक मिनिटांतच आवळू लागते आणि चिवट होते. पुन्हा गरम करून ती गोडी येत नाही. ग्रीसमध्ये ताटली मध्ये ठेवून सगळे तिच्यातूनच खातात. एकाच ताटलीतून सगळ्यांनी खाण्याचे मोल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण त्या ताटलीभोवती एक जागा नेहमी रिकामी राहते. ती तव्यापाशी उभ्या असलेल्या बाईची. सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला उरतो तो चिवट झालेला काप. कित्येक घरांत पोळीचेही असेच होते. पोळी गार झाली तरी खाता येते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हा पदार्थ मात्र गार खाता येतच नाही.

तेव्हा आधी पाव कापून घ्यावा, लिंबू चिरून ठेवावे, सगळ्यांना स्वयंपाकघरातच बोलवावे आणि मगच तवा तापवावा. पहिली जोडी उतरली की उलथने मुलाच्या किंवा घरच्या पुरुषाच्या हाती द्यावे. दोन मिनिटे थांबायचे आणि एकदाच उलटायचे, एवढे कोणालाही जमते. पहिला गरम काप करणारीने खावा आणि दुसरी जोडी दुसऱ्याने भाजावी.