ग्रिप नवी, नेम जुनाच!

रेंजवर कुणी नवं एअर पिस्तूल आणलं, की पेढे संपायच्या आत सल्ले सुरू होतात. ‘ग्रिप कस्टम करून घे.’ ‘ट्रिगर बदल, एकदम मख्खन होईल.’ ‘पुढे वजन लाव, हात हलणार नाही.’ तुम्हीही यातलं काही करून घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी माझी फजिती ऐका.

सेकंड इयरला माझा स्कोअर 545च्या आसपास अडकला होता. साठ शॉट, सहाशेपैकी. पिस्तुलासाठी बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं, त्याचे हप्ते चालू होते. तरी मी घरी जाहीर केलं, की प्रॉब्लेम ग्रिपचा आहे. आईने भिशीचे पैसे काढून दिले. माझ्या हाताच्या मापाची, अक्रोडाच्या लाकडाची भारी ग्रिप आली. पुढच्या स्पर्धेत स्कोअर आला 538! सरांनी माझा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. ट्रिगर दाबताना दरवेळी मनगट किंचित खाली जात होतं. सर एवढंच म्हणाले, “ग्रिप छान आहे. आता हात आण.”

त्या दिवशी लाज वाटली, पण गणित कळलं. 10 मीटरच्या एअर पिस्तूल टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. मॅचचं पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून चांगल्या पेलेट मारल्या, तर त्या जवळपास एकाच भोकातून जातात. म्हणजे कंपनीतून आलेलं पिस्तूल आपल्यापेक्षा कितीतरी अचूक आहे. आता आपली बाजू बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 32 सेंटिमीटर अंतर असतं. दोघींची रेघ फक्त 1 मिलिमीटर चुकली, तर टार्गेटवर शॉट 3 सेंटिमीटर सरकतो. दहाचा शॉट थेट सातवर! ही चूक लाकूड बदलून जात नाही. ती जाते रोज घरी भिंतीसमोर उभं राहून, पेलेट न घालता केलेल्या ड्राय प्रॅक्टिसने. आणि ती फुकट आहे.

‘पण मोठे शूटर्स सगळं कस्टम वापरतात ना?’ वापरतात. मात्र हजारो शॉट मारल्यावर आपल्याला नेमकं काय खुपतंय, हे त्यांना सांगता येतं. आपल्याला येतं का? दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. पॅरिस 2024 मध्ये तुर्कीच्या युसुफ डिकेचने साधा चष्मा लावून, खिशात हात घालून मिश्र सांघिक रौप्य जिंकलं आणि मीम्सचा पाऊस पडला. ‘बघा, सामानाची गरजच नाही!’ अहो, त्याच्या हातातलं पिस्तूल मॅचचंच होतं. आणि मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून तर सगळेच पिस्तूल शूटर्स उभे राहतात.

मग बदल करायचेच नाहीत का? करा, पण पुराव्याने. आधी पिस्तुलासोबत आलेली ॲलन की बाहेर काढा. ट्रिगर मागेपुढे होतो, तळहाताखालचा आधार वरखाली होतो, मागच्या साइटची खाच कमीजास्त करता येते. निम्म्या लोकांनी या सोयी वापरलेल्याच नसतात. मीही नव्हत्या!

मग ग्रिपची परीक्षा घ्या. डोळे मिटून पिस्तूल उचला, नेहमीसारखं धरा, डोळे उघडा. साइट्स दरवेळी एकाच बाजूला गेलेल्या दिसल्या, तर ग्रिप तुमच्या हाताची नाही. तेव्हाही लगेच नवी घेऊ नका. थोडी लाकडाची पुट्टी, सँडपेपर आणि सरांची नजर एवढ्यावर बरंच काम होतं. दरवेळी वेगळंच काही दिसलं, तर पकड अजून बसलेली नाही. तिथे सुतार काय करणार?

पैसे खर्चायचेच असतील, तर पेलेटवर खर्च करा. 4.49, 4.50 अशा वेगवेगळ्या मापांच्या डब्या येतात. आपल्या नळीला कुठली मानवते, ते तपासून घ्या. सेकंडहँड पिस्तूल असेल, तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा. मुदत संपली असेल, तर तो खर्च सगळ्यात पहिला.

ट्रिगर उघडून स्वतः कारागिरी मात्र अजिबात नको. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो. मॅचनंतरच्या तपासणीत कमी भरला, तर बाद. कस्टम ग्रिप लावली तरी पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं आणि ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये. ‘मख्खन’ ट्रिगरच्या नादात वर्षाची मेहनत घालवू नका.

शेवटी एक सवय. एका वेळी एकच बदल करा आणि पुढची दहा सेशन्स स्कोअर वहीत लिहा. आकडा हलला नाही, तर जुनी सेटिंग परत. जुनी ग्रिप तर टाकूच नका. मी सहा महिन्यांनी जुन्याच ग्रिपवर 556 मारले.

ती अक्रोडाची ग्रिप अजून कपाटात आहे. आई कधी विचारत नाही, पण कपाट आवरताना ती पुसून परत ठेवते. तुमच्या घरीही पैसे असेच कुठून तरी येत असतील. म्हणून दुकानाच्या आधी वही उघडा. बदल कशात हवाय, ते तीच सांगेल.