ट्रेकसाठी जीपीएस घड्याळ घ्यायचं का?

पावसाळा सुरू झाला की दर रविवारी पहाटे भोसरीतून दुचाकी निघतात. काही लोणावळ्याकडे, काही नाशिक रस्त्याने जुन्नरकडे. एमआयडीसीत आठवडाभर मशीनसमोर उभं राहणारा माणूस महिन्यातून एकदा डोंगर चढतो, ही डॉक्टर म्हणून मला आनंदाची गोष्ट वाटते. हल्ली मात्र तपासणीला आलेले तरुण स्वतःच्या बीपीआधी घड्याळाबद्दल विचारतात. कुठल्या कंपनीचं घेऊ? किती हजारांचं?

माझं मत असं : मळलेल्या पायवाटेवरच्या एका दिवसाच्या ट्रेकसाठी बहुतेकांना वेगळं जीपीएस यंत्र लागत नाही. खिशातला मोबाईल नीट वापरला तर पुरतो. यंत्र तुम्ही कुठे आहात ते सांगतं. तिथून परत येण्याची ताकद अंगात उरली आहे का, हे ते सांगत नाही.

मोबाईल नीट वापरणं म्हणजे काय?

जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही. फोन उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि त्यावरून जागा काढतो. उघड्या आकाशाखाली चूक साधारण पाच मीटरची असते. दाट झाडीत किंवा कड्याखाली ती वाढते. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. म्हणून नकाशा घरीच ऑफलाईन उतरवून ठेवा. गुगल मॅप्समध्ये डोंगरातल्या बऱ्याच पायवाटा नसतात. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या ॲपमध्ये त्या जास्त सापडतात.

रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी झपाट्याने संपवतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. बहुतेक फोनमध्ये तेव्हाही जीपीएस चालू राहतं, पण आपल्या फोनचं आधी घरी तपासून पाहा.

हे बारीकसारीक वाटेल. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या जंगलात एकटा गेलेला एक तरुण अभियंता वाट चुकला. त्याने घरी फोन करून तसं कळवलं होतं आणि फोनची बॅटरी संपत आली होती. मोठी शोधमोहीम झाली, पण काही दिवसांनी त्याचा मृतदेहच सापडला. महागड्या घड्याळाआधी भरलेली पॉवर बँक आणि सोबतीला माणूस हवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

कागदी नकाशा जुना झालेला नाही

सर्व्हे ऑफ इंडियाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. समान उंचीच्या दोन रेषांमध्ये साधारण वीस मीटरचं अंतर. वाटेवर अशा तीस रेषा ओलांडाव्या लागल्या, तर चढ सहाशे मीटरचा.

गिर्यारोहकांचा जुना हिशोब असा : पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा सराव असलेल्या माणसाचा वेग आहे. नवख्याने त्याच्या दीडपट वेळ धरावा. हृदयावर ताण येतो तो मुख्यतः चढाचा, नुसत्या अंतराचा नव्हे. "फक्त पाच किलोमीटर आहे" यावर विसंबू नका.

घड्याळातले ठोके

२२० वजा वय हे कमाल ठोक्यांचं सूत्र फक्त अंदाज देतं. मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात. घड्याळ हिरवा रंग दाखवेल आणि छातीत दाटून येत असेल, तर छातीचं ऐका आणि थांबा. बीपी, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर ट्रेकआधी आपल्या डॉक्टरांना भेटा.

मग यंत्र कोणी घ्यावं?

अनवट घाटवाटांना जाणाऱ्यांनी, मुक्कामी ट्रेक करणाऱ्यांनी जरूर घ्यावं. पावसात ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. तिथे बटणांचं यंत्र उपयोगी पडतं. घेताना रंगीत पडद्यापेक्षा जीपीएस चालू असताना बॅटरी किती तास टिकते ते विचारा. परदेशातल्या नातेवाइकांकडून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र मागवू नका. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे.

सॅकमध्ये आधी काय?

- एका दिवसासाठी निदान तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा.
- खोल खाचांच्या तळव्याचे, आधी पायात रुळलेले बूट.
- डोक्याला लावायची टॉर्च. मोबाईलची टॉर्च बॅटरी खाते आणि एक हात अडकवते.
- शिट्टी, क्रेप बँडेज, रोजच्या गोळ्या. मधुमेहींनी ग्लुकोज किंवा साखर.
- गावात विचारपूस. पायथ्याच्या गावकऱ्याला कुठली वाट ढासळली आहे हे ॲपच्या आधी माहीत असतं.

उन्हात चालताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो थकवा समजू नका. उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. वाट चुकलात तर ११२. रेंज मिळेल तिथून आपलं लोकेशन पाठवा आणि तिथेच थांबा. खाली उतरतो म्हणून ओढ्यात शिरलेली माणसं कड्यावर अडकतात.

शिफ्टवाल्यांसाठी खास

शनिवारची थर्ड शिफ्ट संपवून तडक डोंगरावर जाऊ नका. झोप न झालेल्या शरीराचा तोल जातो आणि निर्णय चुकतात. परतीला महामार्गावर दुचाकीही त्याच डोळ्यांनी चालवायची असते. एक सुट्टी झोपेला द्या, ट्रेक पुढच्या आठवड्यात करा.

निघण्यापूर्वी परत फिरण्याची वेळ ठरवा, शिखर आलेलं असो वा नसो. कुठे चाललो, कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत फोन येईल, हे घरी लिहून ठेवा. त्याला एक रुपयाही लागत नाही, आणि वेळेत फोन आला नाही तर तुम्हाला कुठे शोधायचं हे निदान कोणाला तरी माहीत असेल.