पिस्तूल मागणारे गृहस्थ

कोठें मोठी घरफोडी झाली, कीं आमच्या सुशिक्षित बैठकींतून एक मागणी हटकून पुढें येते: सरकारनें प्रत्येक सभ्य गृहस्थास पिस्तुलाचा परवाना द्यावा. कायदा चोराचा कैवारी आहे, गृहस्थाचे हात मात्र त्यानें बांधून ठेविले आहेत, असें हे लोक म्हणतात. आणि म्हणतांना आपण त्या कायद्याचें एकहि कलम वाचलेलें नाहीं, याचा त्यांस यत्किंचितहि संकोच वाटत नाहीं. मे २०२५ मध्यें छत्रपति संभाजीनगराजवळील बजाजनगरांत एका उद्योजकाच्या बंगल्यांतून पांच किलोंहून अधिक सोनें गेलें. तेव्हांपासून तर शहरापासून अजिंठ्यापर्यंत हीच रड आमच्या कानीं येत आहे.

त्या प्रकरणाकडेच प्रथम पाहूं. घरधनी त्या वेळीं परदेशीं होते. घर राखणाऱ्या माणसास दरोडेखोरांनीं पिस्तुलाचा धाक दाखवून बांधून टाकलें. आतां धन्याजवळ परवान्याचें पिस्तूल असतें, तर तें कोठें असतें? कपाटांत, सोन्याच्या शेजारीं. आणि सोन्याबरोबर तेंहि दरोडेखोरांच्या हातीं पडलें असतें. घर फोडणारा हा मुळीं रिकामें घर हेरणारा माणूस. जाग्या गृहस्थाशीं द्वंद्वयुद्ध खेळण्याची त्याला हौस नसते.

राहिली कायद्याची गोष्ट. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता अंमलांत आली, तरी आत्मसंरक्षणाचा जुना हक्क तिनें जवळजवळ जसाच्या तसा राखला आहे. तिच्या ४१ व्या कलमान्वयें, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं कोणी घर फोडून आंत शिरला, तर मालमत्तेच्या रक्षणाचा गृहस्थाचा हक्क प्रसंगीं त्या माणसाचा प्राण घेण्यापर्यंत पोंचतो. याहून अधिक काय पाहिजे? दंडसंहितेचा मूळ मसुदा १८३७ चा. तो रचणाऱ्या मेकॉलेच्या मंडळाचें मत असें होतें, कीं येथील लोक दरोडेखोरांचा जुलूम फारच निमूटपणें सोसतात. तेव्हां या हक्काभोंवतीं कुंपणें वाढविण्यापेक्षां लोकांच्या अंगीं धैर्य येईल असें करणें बरें. (त्याच राज्यानें १८७८ सालीं लिटनच्या कारकीर्दींत लोकांचीं शस्त्रें कायद्यानें आवळलीं, हा त्या धैर्याचा दुसरा अध्याय.) ज्या दोन मर्यादा आहेत त्या ३७ व्या कलमांत: पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्क नाहीं, आणि रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करावयाची नाहीं. तेथेंहि न्यायालयें सोनाराचा तराजू घेऊन बसत नाहींत. दर्शनसिंगाच्या २०१० च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या हक्काचा उदारपणेंच अर्थ केला, आणि संकट आलें असतां नागरिकानें भेकडासारखें पळून जावें अशी कायद्याची अपेक्षा नाहीं, असें स्पष्ट म्हटलें. कायद्याला पसंत नाहीं ती गोष्ट निराळी. इंग्लंडांत नॉर्फोक परगण्यांतील एका शेतकऱ्यानें १९९९ सालीं घरांत शिरलेल्या दोघांवर बंदूक झाडली; त्यांतला सोळा वर्षांचा मुलगा पाठींत गोळी लागून मेला. शेतकऱ्यास प्रथम खुनाची शिक्षा झाली, पुढें २००१ सालीं अपिलांत गुन्ह्याचें स्वरूप सौम्य ठरलें. निर्दोष मात्र तो कोणत्याहि न्यायालयांत ठरला नाहीं.

शस्त्रांचा कायदाहि आमच्या मित्रांस वाटतो तितका कृपण नाहीं. १९५९ च्या कायद्यांत, वीस इंचांहून आंखूड नळी नसलेली साधी बंदूक संरक्षणासाठीं मागणाऱ्या नागरिकास, अन्य हरकत नसल्यास, परवाना द्यावा असेंच म्हटलें आहे. पातें नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेल्या हत्यारांवर निर्बंध आहेत. पण घरकामाचीं व शेतीचीं हत्यारें त्यांतून वगळलेलीं आहेत. विळा, कोयता, कुऱ्हाड यांवाचून आमच्या शेतकऱ्याचें चालावयाचें कसें? लाठीला तर परवाना लागतच नाहीं. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालीं वेळोवेळीं हुकूम निघतात, ते शस्त्र किंवा लाठी घेऊन फिरण्याविषयींचे. घराच्या कोपऱ्यांत उभ्या असलेल्या लाठीविषयींचे नव्हेत. डोंगराकडेच्या एकाकी वस्तीवर बायकामुलें घेऊन राहणाऱ्या शेतकऱ्यानें बंदूक मागितली, आणि कचेरीनें त्यास वर्षानुवर्षें हेलपाटे घालावयास लाविलें, तर तो अन्याय होय; त्याविरुद्ध ओरड करा, आम्ही तुमच्याबरोबर आहों. पण बैठकींतल्या गृहस्थास ती लांब, ओबडधोबड बंदूक नको असते. त्यास कमरेला लावण्याजोगें पिस्तूल हवें असतें, आणि तें लग्नाच्या वरातींत दिसावें अशीहि त्याची इच्छा असते.

शस्त्र हा प्रत्येकाचा हक्क असावा, ही मागणी एके काळीं मोठ्या माणसांनीं केली होती, हें आम्ही विसरलों नाहीं. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावांत ती होती, व तिचाच आधार घेऊन डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत कामथ यांनीं ती पुन्हां मांडली. बाजारांत जाऊन कोणीहि हवें तें हत्यार विकत घ्यावें, असें झालें तर राज्य चालावयाचें कसें, असा उलट सवाल डॉ. आंबेडकरांनीं केला, आणि दुरुस्ती फेंटाळली गेली. परक्यांनीं निःशस्त्र केलेल्या राष्ट्राची मागणी वेगळी, आणि शेजाऱ्याला भिणाऱ्या गृहस्थाची वेगळी.

कारण ही भीति काय करते, तें याच जिल्ह्यानें पाहिलें आहे. जून २०१८ मध्यें वैजापूर तालुक्यांत दरोडेखोर आल्याची आवई उठली. चांडगांव येथें रात्रीं जागणाऱ्या जमावानें कांहीं परक्या माणसांना दरोडेखोर समजून इतकें मारलें, कीं त्यांतले दोघे प्राणास मुकले. त्यानंतर महिना लोटला नाहीं तोंच धुळे जिल्ह्यांत राईनपाडा येथें मुलें पळविणारे म्हणून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांचा जमावानें जीव घेतला. आत्मसंरक्षणाची मर्यादा चोराच्या सोयीसाठीं घातली आहे, असें म्हणणारांनीं या सात जणांचा विचार करावा. अंधारांत वाट चुकलेला, आपल्या गांवचा नसलेला, फाटक्या वस्त्रांचा मनुष्य दाराशीं येतो. त्याच्या आणि घाबरलेल्या गृहस्थाच्या मध्यें ती मर्यादा उभी आहे. पिस्तूल दिल्यानें गृहस्थाची भीति जात नाहीं. तिचा पल्ला मात्र वाढतो.

मग चोर बंद कसे व्हावेत? अजिंठ्याच्या डोंगरांनीं याचें उत्तर पूर्वींच दिलें आहे. १८१९ सालीं लेणीं उजेडांत आलीं, त्या सुमारास तीं पाहावयास जाणारास भिल्लांच्या धाडींची धास्ती सांगण्यांत येई. गांवें राखण्याचे, जागलीचे हक्क पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं भिल्लांकडेच होते. मराठी राज्याच्या अखेरच्या धामधुमींत ते बुडाले, आणि राखणारांवरच लुटीची पाळी आली. खानदेश हातीं येतांच इंग्रजांनीं त्यांच्यावर फौजा घातल्या. डोंगरांत फौजांचें कांहीं चाललें नाहीं. शेवटीं १८२५ सालीं एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार आउट्रमनें भिल्लांचीच पलटण उभारली, तिचें ठाणें धरणगांवीं बसलें. कन्नड येथें भिल्ल एजन्सी स्थापून जमिनी व तगाई देण्यांत आली. यांत परोपकार साधण्याचा इंग्रजांचा हेतु नव्हता. फौजेपेक्षां पगार स्वस्त पडतो, हा हिशेब त्यांस कळला होता.

तोच हिशेब आमच्या गृहस्थांस कळेल तर बरें. लाखाच्या आसपास रुपये मोजून पिस्तूल घेण्यास जे तयार आहेत, त्यांच्याच गल्लींत रात्रीं शिट्टी वाजवीत फिरणारा पहारेकरी महिन्याच्या पहिल्या तारखेस वर्गणीसाठीं दारीं येतो, आणि पुढच्या आठवड्यांत ये, असें त्यास आंतूनच सांगण्यांत येतें.